सुई घे, पण शरम घेऊ नको

सोलापुरात आता मान तरुण करून मिळते. होटगी रोडला, सात रस्त्याला, जुळे सोलापुरात, जिकडं पैसा राहायला गेला तिकडं कातड्याच्या दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. चेहऱ्याचा धंदा जुना झाला. सुई आता हनुवटीच्या खाली उतरलीय. मान, गळा, आणि ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो तेवढा छातीचा तुकडा. तिथं सुरकुती दिसली की बाई म्हातारी, टोचून घेतलं की तरुण. एवढा सरळ हिशेब.

यावर आपल्या चळवळीतल्या पोरांचं मत ठरलेलं आहे. ते हसतात. 'श्रीमंत बायकांची थेरं' म्हणतात आणि पुढच्या विषयावर जातात. पोरींचं मत वेगळं आहे, पण त्या ते बैठकीत बोलत नाहीत. बैठक मोडल्यावर चहाच्या गाड्यावर हळूच विचारतात, 'ताई, खरंच जातात का गं त्या वळ्या? किती घेतात?' मी हे त्या पोरींसाठी लिहितेय. हसणाऱ्यांनी पण वाचावं. हसायचा हक्क कुठून आणला, ते नंतर सांगावं.

आधी सुईत काय असतं ते बघू. माहिती नसली की माणूस एक तर भुलतो, नाही तर घाबरतो, आणि दोन्हीत दुकानदाराचंच फावतं.

जबड्यापासून गळ्याखालच्या हाडापर्यंत मानेत एक पातळ, चादरीसारखा पसरलेला स्नायू असतो. वय वाढलं की त्याचे उभे दोर दिसायला लागतात. त्यात बोट्युलिनम टॉक्सिन टोचतात. बोटॉक्स हे त्याचं बाजारातलं सगळ्यात गाजलेलं नाव. नासलेल्या डबाबंद अन्नातल्या ज्या विषानं माणूस लुळा पडतो, श्वास अडकून मरतो, त्याच विषाचा हा अगदी सूक्ष्म डोस. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. स्नायू ढिला पडतो, दोर दिसेनासे होतात. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू, खर्चही पुन्हा सुरू. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हे औषध 1989 साली तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी मंजूर केलं. 2002 साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी केलं. मानेच्या या दोरांसाठी मंजुरी आली ऑक्टोबर 2024 मध्ये. डोळ्याच्या आजारापासून निघालेली सुई पस्तीस वर्षांत गळ्याशी पोचली.

मानेच्या आडव्या वळ्या आणि छातीवरच्या चुण्या यांना दुसरी औषधं. एक हायलुरॉनिक ॲसिड. पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ आपल्या कातड्यात असतोच. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये मायर आणि पामर या दोघांनी तो गुरांच्या डोळ्यांतून वेगळा काढला. पुढं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायला लागले, आता जंतूंकडून बनवून घेतात. तो कातड्यात थेंब थेंब सोडला की कातडं काही महिने ओलसर, भरलेलं दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे हाडातल्या कॅल्शियमची पातळ केलेली भुकटी, किंवा विरघळणारे टाके ज्याचे बनवतात तो पदार्थ. हे टोचलं की शरीर स्वतःच नवं कोलाजेन तयार करायला लागतं. चादरीला जसा ताणा, तसं कातड्याला कोलाजेन. ताणा विरला की चादर लोंबते. सोलापूरकराला यापुढं समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. जाणकाराच्या हातानं केलं तर फरक पडतो. खोट आहे ती पाटीवरच्या शब्दात. पाटीवर लिहिलेलं असतं 'वय'.

पोरी, आरशासमोर उभी राहा आणि हनुवटी वर कर. हनुवटीखाली जिथं तिची सावली पडते तिथलं कातडं बघ. मग मानेच्या दोन्ही बाजू बघ, गळ्याखालचा उघडा तुकडा बघ. सगळं कातडं एकाच दिवशी जन्माला आलेलं. वय सारखं. मग सावलीतलं मऊ आणि उघड्यावरचं रापलेलं असं का? सिव्हात नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1923 साली मानेचा एक विकार नोंदवला, जो गोऱ्या बायकांत जास्त दिसतो. मानेच्या बाजू लालसर तपकिरी, डागाळलेल्या, आणि हनुवटीच्या सावलीतला तुकडा तेवढा कोरा. एवढा मोठा पुरावा बाईच्या गळ्यावरच लिहिलेला आहे आणि दवाखान्याची पाटी तो वाचत नाही.

त्याच्याही आधी, 1894 साली, उन्ना या जर्मन डॉक्टरनं उन्हावाऱ्यानं जाड झालेल्या कातड्याला 'खलाशाचं कातडं' असं नाव दिलं. शेतकऱ्याच्या मानेवर मागच्या बाजूला शंकरपाळ्यासारख्या चौकटी पडतात, त्याला 'शेतकऱ्याचं कातडं' म्हणत. म्हणजे त्या काळच्या डॉक्टरला कातडं बघताना त्या माणसाचं काम दिसत होतं. 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो छापला. वय 69, अठ्ठावीस वर्षं ट्रकवर. खिडकीकडची डावी बाजू सुरकुतून लोंबलेली, उजवी बाजू बरीच नितळ. एकाच माणसाला दोन वयं कशी असतील? उन्हातला एक भाग काचेतूनही आत येतो आणि कातड्याचा ताणा विरवतो.

आज त्याच कातड्याचं बाजारातलं नाव 'एजिंग'. या एका शब्दात ऊन गेलं, काम गेलं, काम करवून घेणारा गेला. उरली एकटी बाई आणि तिचं वय. जसं काही तिनंच घरात बसून ते वाढवलं.

वय काहीच करत नाही असं नाही. पाळी थांबल्यावर कातडं पातळ होतं, कोलाजेन घटतं. ते बामणाच्या बाईचंही होतं आणि मांगाच्या बाईचंही. पण मानेवर आणि छातीवर जे दिसतं त्यातला मोठा वाटा उन्हाचा. आणि ऊन या देशात सगळ्यांना सारखं वाटलेलं नाही.

सोलापूरचं ऊन कुणाला शिकवायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वरच. त्यात सडकेवर कोण असतं? बिगारी काम करणारी बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, दोन्ही हात वर. पदर सावरायला तिसरा हात नाही. ऊन सरळ गळ्यावर आणि छातीवर. झाडू मारणारी बाई, मान वाकलेली, ऊन मानेच्या मागं. ऊसतोडीची बाई, मोळी डोक्यावर. या बायका कुठल्या जातीच्या असतात हे मी लिहायची गरज आहे का?

माझ्या आजीनं 1972 च्या दुष्काळात खडी फोडली. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्याच 1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली. तिच्या इतिहासात मोर्चे आहेत, कविता आहेत, नेत्यांची नावं आहेत. खडीवर बसलेल्या बाईच्या मानेची नोंद कुठल्या पुस्तकात आहे? तिच्या मानेवरच होती. ती आजीबरोबर गेली.

कामावर सावली पाहिजे ही मागणी नवी नाही. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, लेकरांसाठी सावली, विसाव्याची सोय, औषधपेटी हे सगळं लिहिलेलं होतं. कागदावर सावली होती. सडकेवर जाऊन बघणाऱ्याला विचारा किती पडली.

सावली हा शब्द आपल्याला साधा नाही. पेशवाईत आपली सावली अंगावर पडू नये म्हणून आपल्याला रस्ता बंद होता, आणि पुण्यात थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधायला लावत. बाबासाहेबांनी हे 1936 साली लिहून ठेवलं. आपली सावली विटाळाची ठरली आणि आपल्या डोक्यावर सावली कुणी धरली नाही. या देशात गळा आणि छाती हे कधीच नुसते अवयव नव्हते. तिकडं त्रावणकोरात खालच्या ठरवलेल्या जातीच्या बायकांनी छाती झाकली म्हणून वस्त्रं फाडली, दंगली झाल्या. छाती झाकायची परवानगी नाडार बायकांना मिळाली ती 1859 साली. तीही झगडून. कुणाची छाती उघडी राहायची आणि कुणाची झाकायची हे ठरवणारे तेच होते. आता कुणाची छाती म्हातारी आणि कुणाची तरुण हे ठरवायला नवे आलेत.

आता विटाळाची गोष्ट. सुरकुती भरायच्या सुयांमध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली ती कोलाजेनच्या सुईला, 1981 साली. ते कोलाजेन कशातून काढलेलं? गाईगुरांच्या कातड्यातून. नीट वाचा. मेलेल्या गुराचं कातडं. ते ओढलं म्हणून आपल्याला गावाबाहेर ठेवलं. ते सोललं म्हणून 11 जुलै 2016 ला गुजरातेत उनाजवळ आपल्या चार पोरांना उघडं करून, गाडीला बांधून, काठ्यांनी सोलून काढलं. आणि त्याच कातड्याचा अर्क स्वच्छ बाटलीत भरून, पांढऱ्या कोटातल्या माणसानं टोचला की ते सौंदर्य झालं. विटाळ कातड्यात असता तर तो सुईतून आत गेला असता. विटाळ कातड्यात कधी नव्हताच. तो कातडं ओढणाऱ्या हातावर चिकटवला होता, हाताची मजुरी द्यायला लागू नये म्हणून.

हे वाचून आपली पोरं म्हणतील, 'बघा, आम्ही म्हणतच होतो, हे सगळं भांडवलशाहीचं नाटक.' थांबा लेको. आता तुमच्याकडं येते.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले. काय बोलले? लुगडं कसं नेसावं हे बोलले. गळ्यातल्या त्या गळसऱ्या आणि हातातले कोपरापर्यंतचे गोट काढून टाका, ती अस्पृश्यतेची खूण आहे, हे बोलले. ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली त्या परिषदेत बाईच्या गळ्यात काय असावं हाही विषय होता. आणि बायकांनी ऐकलं, लुगडं नेसायची तऱ्हा लगेच बदलली. म्हणजे बाईनं नीट दिसणं हे बाबासाहेबांना थेर वाटलं नाही. तुम्हाला कसं वाटलं? तुम्ही जीन पँट घालता, दाढी कोरून घेता, फोटोला कॉलर नीट करता. त्याला स्वाभिमान म्हणता. पोरीनं मानेचा विचार केला की बूर्ज्वा. हे चालणार नाही.

आणखी एक. मॉलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या स्वागत टेबलावर, शोरूममध्ये आपल्या बायका कामाला आहेत. तिथं चाळिशी दिसायला लागली की बाई नकोशी होते, हे कुणी कागदावर लिहून देत नाही, पण होतं. तिनं सुईचा विचार केला तर तो नोकरी टिकवायचा विचार आहे. तिला हसायच्या आधी तिच्या मालकाला जाब विचारा.

तरी मी पोरींना एक फरक सांगते. महाडच्या बायकांनी काढून टाकलं ते दुसऱ्यानं लादलेलं होतं. मानेवरची रापण ही कुणाची कमाई आहे? खडी फोडून, झाडू मारून, तुझी फी भरलेल्या बाईची ती कमाई आहे. ती तुझ्या आईच्या मानेवर आहे म्हणून तू लग्नाच्या फोटोत आईला मागं उभी करणार असशील, तर ती सुई तुला टोचायच्या आधी तुझ्या आईला टोचली. सुई घे, पण शरम घेऊ नको. सुईचे पैसे एकदा जातात. शरम मात्र तू पोरीला देशील आणि ती तिच्या पोरीला.

आणि काळेपणाची शरम तर मुळीच नको. काळ्या कातड्यात मेलॅनिन जास्त. ते उन्हाला अडवतं. म्हणून त्याच उन्हात गोऱ्या कातड्याला सुरकुत्या लवकर पडतात, काळ्याला कितीतरी उशिरा. ज्या रंगावरून तुला शाळेत चिडवलं तो रंग तुझी मान राखत होता. आता हाच रंग उतरवायला ग्लुटाथायोनच्या सलाइन लावतात. गोरं व्हायला म्हणून ते शिरेतून घेणं धोक्याचं आहे, असा इशारा फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं 2011 मध्ये दिला आणि 2019 मध्ये पुन्हा दिला. याला मी सौंदर्य म्हणत नाही. जात उतरवायचं औषध म्हणून ते विकलं जातं आणि जात त्यानं उतरत नाही.

एवढं ऐकून ज्या पोरीला, ज्या बाईला सुई घ्यायचीच आहे, तिनं धोके ऐकून घ्यावेत. पाटीवर ते नसतात.

छातीच्या मधोमध केलॉइड सगळ्यात सहज होतो. केलॉइड म्हणजे जखम भरूनही वाढतच जाणारा, खाजणारा, दुखणारा व्रण. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातड्यात त्याचा धोका जास्त. गोऱ्या बाईची चुणी जाईल तिथं तुझ्या छातीवर जन्माचा गोळा उठू शकतो. लसीचा, कान टोचल्याचा, मुरुमाचा व्रण वाढलेला असेल तर डॉक्टरला आधी सांग. टोचलेल्या जागी काळे डाग राहण्याचं प्रमाणही आपल्यात जास्त.

मानेचं कातडं पातळ, बिघडलं की सावकाश भरतं. तिथं टॉक्सिन जास्त किंवा खोल गेलं तर गिळायला त्रास होतो, आवाज बदलतो, मान धरवत नाही. भरायचं औषध रक्तवाहिनीत गेलं तर कातडं सडतं. चेहऱ्यावर तसं झालं तर डोळाही जाऊ शकतो. आणि माल खोटा निघाला तर? 2024 मध्ये अमेरिकेत बनावट किंवा नीट न हाताळलेल्या टॉक्सिनमुळं 11 राज्यांतल्या 22 बायकांना त्रास झाला, त्यातल्या निम्म्या दवाखान्यात भरती झाल्या. तिथल्याच न्यू मेक्सिकोत परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रक्त काढून चेहऱ्यात टोचायचा प्रकार चाले. त्यातून बायकांना एचआयव्ही झाला. 2018 साली ते उघडकीस आलं. आपल्याकडं पार्लरमध्ये, घरी येऊन, अर्ध्या दरात टोचणाऱ्या हातांना कोण विचारतं?

म्हणून विचार. टोचणारा कातड्याचा किंवा प्लास्टिक सर्जरीचा डॉक्टर आहे का? बाटली तुझ्यासमोर फोडली का? तिच्यावरचं नाव, तारीख, नंबर तुला दाखवला का? बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा? उत्तर नाही मिळालं तर उठून चालायला लाग. ही औषधं आहेत, मेंदी नव्हे. आणि एक हिशेब मनात ठेव. एका बैठकीत जाणारा पैसा म्हणजे विडी वळणाऱ्या बाईची काही महिन्यांची मजुरी. मोबाईलमध्ये मान घालून वळ्या पडतात, असं आता म्हणतात. तसं असेल तर सूप मांडीवर घेऊन हजारी पुरी करणाऱ्या सोलापूरच्या बायकांच्या मानेला त्या मोबाईलच्या कितीतरी आधी पडल्या. तेव्हा कुणी त्यावर इलाज काढला नाही. गिऱ्हाईक नव्हतं ना.

सुईपेक्षा स्वस्त इलाज आहे आणि त्याचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावात नऊशेवर माणसांवर अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांचं कातडं साडेचार वर्षांत 24 टक्के कमी उतरलं. उन्हापासून वाचवलं की कातडं वाचतं, एवढीच ती गोष्ट. ती हॉटेलात सावलीला बसणाऱ्याला मिळते. घमेलं उचलणारीला का मिळू नये?

तेव्हा मागण्या अशा. बांधकामावर, सडकेवर, झाडू मारणाऱ्या प्रत्येक बाईला मान झाकणारी टोपी आणि गळाबंद सुती अंगरखा, मालकाच्या खर्चानं. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद, मजुरी चालू. कामाच्या जागी पाणी आणि ताडपत्रीची का होईना, पण खरी सावली. सिव्हिल हॉस्पिटलात कातड्याची तपासणी करताना केसपेपरवर बाईचं काम काय ते लिहावं. उन्ना लिहीत होता, आपले डॉक्टर का नाही? आणि परवाना नसताना सुया टोचणाऱ्यांची तपासणी महापालिकेनं आणि औषध प्रशासनानं जाहीरपणे करावी.

पुढच्या बैठकीत चहाच्या गाड्यावरचे प्रश्न आत आणा. पोरींनी मोठ्यानं विचारावेत. आणि आजवर हसलेल्या पोरांपैकी कुणीतरी सावलीचा ठराव मांडावा. अनुमोदन मी देते.

जयभीम.